बिलात न धरलेली चटणी : बेळगावात आठ महिने बाहेर जेवल्यानंतर

जून २०२५ मध्ये पत्नीची बदली धारवाडला झाली, मुलगा आधीपासून पुण्यात होता, आणि स्वयंपाकात माझी मजल कुकर लावणे व ऑम्लेट यांच्यापलीकडे कधी गेलेली नव्हती. त्यामुळे टिळकवाडीतल्या आमच्या घरचा गॅस सकाळच्या चहापुरता उरला. तेव्हापासून जानेवारीअखेरपर्यंत आठवड्यातले सहा दिवस दुपारचे जेवण आणि बहुतेक वेळा नाश्ताही मी बाहेरच केला. हॉटेलांविषयी लोक जे लिहितात ते बहुधा रविवारी रात्री, चारचौघांनी मिळून, भूक लागून आणि थोडी वाट पाहून घेतलेल्या जेवणाविषयी असते. माझा अनुभव मंगळवारी दुपारी दीड वाजताचा आहे. त्या वेळी हॉटेलाला तुमचे कौतुक नसते आणि तुम्हाला हॉटेलाचे नसते.

पहिले दोन आठवडे मी मुख्य पदार्थावरून हॉटेल जोखत राहिलो आणि त्यात फसलो, कारण ज्या पदार्थासाठी एखादे हॉटेल नावाजलेले असते तो पदार्थ ते बहुधा चांगलाच करते. पुढे लक्षात आले की ज्या गोष्टींचे पैसे वेगळे लागत नाहीत, म्हणजे चटणी, सार, दुसऱ्यांदा वाढलेला भात, ताटातला कच्चा कांदा आणि प्यायचे पाणी, त्यांत मालकाचा स्वभाव दिसतो. काटकसर करायची झाली की पहिली कात्री तिथेच लागते, कारण गिऱ्हाईक त्याबद्दल भांडत नाही. पुढचे सगळे लेखन या एका कसोटीवर आधारलेले आहे. ज्यांना ती पटत नसेल त्यांना माझी पसंती विचित्र वाटेल.

माझी सर्वांत जास्त जेवणे शहापुरातल्या एका लहानशा लिंगायत खानावळीत झाली. सहा बाके, भिंतीवर बसवेश्वरांची तसबीर, आत एक अक्का आणि तिची सून भाकऱ्या थापत असतात, बाहेर अक्कांचा मुलगा वाढतो. आत शिरताच एकच प्रश्न येतो, "बिसी की कडक?" बिसी म्हणजे तव्यावरून नुकतीच उतरलेली मऊ भाकरी, आणि कडक म्हणजे पापडासारखी वाळवलेली, महिनाभर टिकणारी रोट्टी, जी मोडून भाजीत बुडवायची असते. ताटात एण्णेगायी (कन्नडमध्ये एण्णे म्हणजे तेल), म्हणजे शेंगदाणे, तीळ आणि कारळे भरून तेलात शिजवलेली लहान वांगी, एक मोड आलेल्या कडधान्याची भाजी, दह्याची वाटी, मेथीची कच्ची पाने, मुळ्याची फोड, कांदा, आणि ताटाच्या कडेला दोन सुक्या चटण्यांचे ढीग. एक शेंगाची, एक कारळ्याची, जिला तिथे गुरेळ्ळू चटणी म्हणतात. कधी तिच्या जागी जवसाची येते.

या चटण्यांसाठीच मी तिथे परत परत गेलो. शेंगाची चटणी मिक्सरमध्ये फिरवली की तिचे कोरडे पीठ होते आणि ते घशात अडकते. उखळात कुटली की दाण्याचे तेल सुटते, लसूण आणि तिखट त्याला धरून राहतात आणि चिमटीत घेतलेली चटणी क्षणभर तशीच घट्ट राहते. अक्कांकडे ती आठ महिन्यांत एकदाही कोरडी आली नाही. तिखटासाठी त्या ब्याडगी आणि संकेश्वरी मिसळून वापरतात. ब्याडगीने रंग येतो आणि जीभ शाबूत राहते, संकेश्वरीने कान गरम होतात. ही माहिती त्यांनी विचारल्यावर लगेच सांगितली. प्रमाण मात्र सांगितले नाही, आणि मीही पुन्हा विचारले नाही.

बेळगाव जिल्ह्याचे पीक या एका ताटात दिसते. शाळू पिकतो तो सौंदत्ती, बैलहोंगल, अथणी या पूर्वेकडच्या काळ्या जमिनीत. भात पिकतो तो खानापूर आणि बेळगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडच्या पावसाळी भागात. म्हणून इथला माणूस भाकरीने जेवण सुरू करतो आणि भाताशिवाय ते संपले असे मानत नाही. हॉटेलवाल्यांनाही हे ठाऊक असते, पण काही ठिकाणी भाताची एकच मूद देऊन पुढच्या वाटीला वीस रुपये लावतात, तर अक्कांकडे मुलगा भाताचे भांडे घेऊनच बाकांमधून फिरतो. मी हात आडवा धरला की आतून आवाज येतो, "घ्या की अण्णा, सार अजून कडकडीत हाय." पूर्ण ताटाचे शंभर रुपये. उणी बाजूही सांगितली पाहिजे. दोन वाजल्यानंतर गेल्यास एण्णेगायी संपलेली असते आणि तिच्या जागी येणारा झुणका सामान्य असतो. हात धुण्याच्या जागी साबण असेल याची खात्री नाही. जुलैमध्ये बेंगळूरूकडे छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या व्यवहारांवरून जीएसटीच्या नोटिसा आल्याच्या बातम्या पसरल्या, तेव्हा अक्कांनी क्यूआर कोडचा फलक तीन आठवडे उतरवून ठेवला होता आणि सुट्ट्या पैशांसाठी सगळ्यांचीच तारांबळ उडाली होती.

नाश्त्याचा अनुभव मुख्यतः उडुपी हॉटेलांचा. कॉलेज रोड, खडेबाजार आणि गोवावेस या भागांतली पाच-सहा ठिकाणे मी आलटून पालटून धरली. डोसा सर्वत्र ठीक असतो आणि त्याबद्दल वेगळे लिहिण्यासारखे काही नाही. सांबार गूळ घातलेले, गोडसर असते, ते कोल्हापूरकडून आलेल्या पाहुण्याला रुचत नाही आणि आम्हाला त्यावाचून चालत नाही. खरा फरक खोबऱ्याच्या चटणीत पडतो. गेल्या वर्षी नारळ बराच महागला, आणि त्याचा परिणाम मला बातमीतून समजण्याआधी वाटीतून समजला. आठ वाजता गेले तर चटणी पांढरी आणि दाट असायची, साडेदहाला तीच पातळ व्हायची, आणि काही ठिकाणी खोबरे मागे सरून डाळे इतके पुढे आले की चटणीला पिठाची चव लागू लागली. एका हॉटेलाने भिंतीवर "जादा चटणी १० रुपये" असा कागद चिकटवला. मला तो कागद प्रामाणिक वाटला. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ मात्र तो वाचून उठून गेले. कॉफीच्या बाबतीत एक बारीक गंमत आहे. याच शहरात एका काउंटरवर "बाय टू" मागतात आणि दहा पावलांवरच्या टपरीवर "कटिंग", आणि दोन्हींकडून तितकाच अर्धा पेला हाती येतो.

चटणीनेच मला ऑगस्टमध्ये आजारीही पाडले. जागेचे नाव किंवा रस्ता देत नाही. दुपारी तीनच्या सुमारास, भूक फार लागली म्हणून, एका ठिकाणी इडली-वडा घेतला. चटणी सकाळची होती, किंचित आंबूस लागली, आणि आंबूसपणा दह्याचा असेल अशी मी स्वतःची समजूत घातली. ओले खोबरे दमट हवेत किती लवकर बिघडते हे घरी लहानपणापासून ऐकलेले असूनही वाटी संपवली. त्यानंतरचे दोन दिवस ओआरएसवर गेले. गल्ल्यामागे अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक काचेच्या चौकटीत व्यवस्थित लावलेला होता. तक्रार फूड सेफ्टी कनेक्ट या अ‍ॅपवरून करता येते हे मला ठाऊक होते, तरी मी ती केली नाही, आणि तो दोष माझा. त्यानंतर दुपारी बारानंतर ओल्या खोबऱ्याची चटणी मी घेतलेली नाही.

सामिष जेवणासाठी बुधवार आणि शुक्रवार ठेवले होते. मटणाच्या ताटात इथे तांबडा आणि पांढरा रस्सा कोल्हापूरसारखाच येतो, पण खोबरे जरा सढळ आणि तिखट जरा आवरलेले असते. रस्सा हवा तेवढा वाढणे हा या धंद्याचा जुना शिरस्ता आहे, त्यामुळे माझ्या कसोटीवर या खानावळी सहज उतरतात. अडचण वेगळीच आहे. तिसऱ्यांदा वाढलेल्या रश्श्याला पहिल्याची चव नसते, कारण दीड वाजल्यानंतर भांड्यात पाणी पडते. श्रावणात, म्हणजे जुलैअखेरपासून जवळजवळ महिनाभर, यांतली निम्मी बाके रिकामी होती, आणि माझ्या मते तेव्हाच तिथे जेवायला जाणे शहाणपणाचे होते, पण घरच्या रीतीमुळे मला ते करता आले नाही. माशांविषयी एवढेच सांगतो की बेळगावात मासे गोवा आणि कारवारकडून येतात, आणि १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. जूनच्या मध्यावर "ताजा सुरमई" असे फळ्यावर लिहिलेले दिसले तेव्हा मी वाढप्याला विचारले, "मामा, हा कुठला?" तो हसला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही अंडा करी घ्या."

'फॅमिली रेस्टॉरंट' म्हणवणाऱ्या, वातानुकूलित, गुळगुळीत मेनूकार्डाच्या जागी मी फक्त सहा वेळा गेलो, तेही पाहुणे आले म्हणून. पनीर सगळीकडे एकाच तांबड्या ग्रेव्हीत पोहते, त्यावर शब्द खर्चत नाही. बिलावर मात्र खर्चायला हवेत. एके ठिकाणी टेबलावर पाण्याची बाटली न मागता उघडून ठेवली गेली आणि बिलात जेवणाबरोबर पाच टक्के सेवाशुल्क लावले गेले. हे शुल्क आपोआप जोडू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने ती उचलून धरली. मी शांतपणे एवढेच म्हटले आणि व्यवस्थापकाने वाद न घालता नवे बिल आणून दिले, यावरून विचारणारे किती थोडे असावेत हे कळले. दुसऱ्या एका ठिकाणी पाच टक्के जीएसटी लावला होता, पण बिलावर जीएसटी क्रमांकच नव्हता. कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या सोप्या योजनेत, असलेल्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, आणि नोंदणीच नसेल तर मुळीच नाही. तिथे मी विचारले तेव्हा "सिस्टिममध्ये तसेच येते" असे उत्तर मिळाले. पाहुण्यांसमोर जास्त ताणले नाही. अशा वेळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो.

भाषेविषयी न लिहिता बेळगावच्या हॉटेलांविषयी लिहिणे अपुरे वाटेल, म्हणून थोडक्यात. कायद्याने आता दर्शनी फलकाचा साठ टक्के भाग कन्नडमध्ये असावा लागतो, त्यामुळे दारावर मराठी आक्रसली आहे. आत मात्र खडूने लिहिलेल्या फळ्यावर आणि वाढप्याच्या तोंडी दोन्ही भाषा सरमिसळ नांदतात. मी कन्नड अक्षर लावून वाचतो, अक्का मराठी क्रियापदे त्यांच्या पद्धतीने चालवतात, आणि उप्पीट हा शब्द मुळात कोणाचा यावर त्या बाकांवर कोणी वाद घातलेला मी ऐकला नाही. १ नोव्हेंबरला गावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे सीमाप्रश्नावरून मराठी भाषकांचा काळा दिन असतो. त्या दिवशी खानावळ बंद होती, आणि मी घरी ऑम्लेट केले.

डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा लॉज भरतात, बंदोबस्ताला आलेले पोलीस आणि चालक दुपारी खानावळींवर लोटतात, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाने ते दोन आठवडे अपेक्षा कमी ठेवाव्यात. अनेक ठिकाणी या काळात ताटातले दही आधी गेले, मग कच्च्या भाज्या. अक्कांकडे मुळा गेला, चटण्या राहिल्या. हे मी वहीत लिहून ठेवले आहे.

कुंद्याविषयी कोणी विचारील. तो हॉटेलात खाण्याचा पदार्थ नव्हे. दूध तासन्‌तास आटवून केलेला हा तपकिरी, रवाळ पदार्थ मिठाईच्या दुकानातून तोलून घ्यायचा आणि परगावी न्यायचा असतो. आम्ही बेळगावकर तो बहुधा दुसऱ्यांसाठीच विकत घेतो.

जानेवारीच्या शेवटी पत्नी परत आली आणि पहिल्याच शनिवारी मी तिला शहापुरात घेऊन गेलो. तिने चटणी चाखून मान डोलावली, भाकरीच्या कडा तपासल्या, आणि एण्णेगायीच्या वाटीत बोट फिरवून माझ्याकडे पाहत हळूच म्हणाली, "आठ महिने हे एवढं तेल खाल्लंत?" अक्कांच्या कानांवर ते गेलेच. आतून भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "वहिनी, नावातच एण्णे हाय की."