ओबीडी अडॅप्टर, आठ महिन्यांनंतर: थर्मोस्टॅट आणि सेन्सर बदलूनही न गेलेला दोष

हे छोटं ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर, म्हणजे गाडीच्या तपासणी-सॉकेटमध्ये लावून तिच्या कॉम्प्युटरची माहिती फोनवर दाखवणारं यंत्र, मी एका दोषापायी घेतलं. महिन्यातून चार-पाच वेळा चालत्या गाडीत रेडिएटरचा फॅन अचानक फुल स्पीडने सुरू व्हायचा, तापमानाचा काटा तळाला जायचा आणि चेक इंजिनचा दिवा लागायचा. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत काटा जागेवर, फॅन शांत. एका गॅरेजने थर्मोस्टॅट (कुलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, प्रवाह तापमानानुसार उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) बदलला, दुसऱ्याने कुलंटचं तापमान मोजणारा सेन्सर. दोष होता तिथेच राहिला.

दोन्ही ठिकाणी सर्वात आधी कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषक्रमांक, पुसले गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. कोड पुसला की त्यासोबतचा फ्रीझ फ्रेमही जातो, म्हणजे दोष आला त्या क्षणी वेग, आरपीएम, तापमान किती होतं याची नोंद. मधूनच येणारा-जाणारा दोष शोधताना तोच खरा साक्षीदार. दिवा तर सलग तीन ट्रिपमध्ये दोष दिसला नाही की आपोआप विझतो, पण कोड मेमरीत बराच काळ राहतो, साधारण ४० वॉर्म-अप सायकल (थंड इंजिन सुरू होऊन तापलं की एक सायकल). म्हणून दिवा नसला तरी आधी स्कॅन करा, वाचा, फोटो काढून ठेवा, मग पुसा.

पुढच्या वेळी दिवा लागला तेव्हा मी कोड पुसला नाही. पी ०११८ होता, म्हणजे सेन्सर सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. फ्रीझ फ्रेममध्ये कुलंट उणे ४० अंश आणि आत येणारी हवा ३८ अंश. चालू इंजिनात उणे ४०! हा आकडा काय सांगतो ते समजून घेण्यासारखं आहे. सेन्सर म्हणजे तापमान वाढेल तसा रेझिस्टन्स कमी होणारा थर्मिस्टर: २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, ८० च्या पुढे दोन-तीनशे. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याला ५ व्होल्टच्या सर्किटमधून वाचतो. सर्किट मध्येच तुटलं की व्होल्टेज ५ च्या जवळ जातं आणि ईसीयूला ते अतिथंड कुलंट वाटतं. वायर अर्थला शॉर्ट झाली तर उलट, आकडा भलताच गरम येतो आणि कोड पी ०११७. माझ्या गाडीचा ईसीयू असा दोष दिसला की इंजिन वाचवायला फॅन पूर्ण चालवतो. काही गाड्यांत ईसीयू खऱ्या आकड्याऐवजी स्वतःचा ठरलेला आकडा दाखवतो, तिथे हे इतकं स्पष्ट दिसणार नाही.

मग रोज कुलंटच्या तापमानाचं रेकॉर्डिंग लावायला लागलो. एकोणिसाव्या दिवशी खडबडीत रस्त्यावर ग्राफ सापडला: ९१, उणे ४०, पुन्हा ९१, सगळं दोन सेकंदांत. कुलंट इतक्या झटपट थंड होऊच शकत नाही, म्हणजे दोष विजेचा. थर्मोस्टॅट उघडा अडकला असता तर रेघ हळूहळू चढली असती, मोकळ्या रस्त्यावर सावकाश उतरली असती आणि बहुधा पी ०१२८ (कुलंट पुरेसं तापत नाही) आला असता. माझ्या मते या अडॅप्टरची किंमत त्या एका रेघेतच वसूल झाली.

इंजिन चालू ठेवून, फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवून, हार्नेस (वायरचा जुडगा) थोडा थोडा हलवत गेलो. कपलरपाशी, म्हणजे वायर जिथे सेन्सरला जोडली जाते तिथे, आल्यावर स्क्रीनवर उणे ४०. इंजिन बंद करून कपलर काढला. त्याच मापाची एक सुटी पिन दोन्ही टर्मिनलमध्ये घालून पाहिली: एका टर्मिनलने ती घट्ट धरली, दुसऱ्यातून ती नुसती तिरकी धरताच घसरून पडली. टर्मिनल फाकलं होतं. नवा सेन्सर बसवताना तोच जुना कपलर परत लावला गेला होता. कपलर वायरच्या तुकड्यासकट बदलला, त्याला आता पाच महिने झाले. एकदाही दिवा नाही.

अडॅप्टरच्या मर्यादाही सांगतो. एकदम वीस रीडिंग लावली तर प्रत्येक आकडा फार सावकाश बदलतो आणि क्षणभराची उडी निसटते. दोन-तीनच लावा. त्याहून छोटी उडी पकडायला मिन-मॅक्स (सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकडा धरून ठेवण्याची सोय) असलेला मल्टीमीटरच हवा. हीटर असलेल्या इलेक्ट्रिक थर्मोस्टॅटचे पी ०५९७ ते पी ०५९९ हे कोड वाचता येतात, पण साध्या ॲपमधून तो हीटर चालू-बंद करून तपासता येत नाही. अडॅप्टर सॉकेटमध्ये कायम लावून ठेवलं तर बंद गाडीतही थोडा करंट खातं, म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर मी काढून ठेवतो.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी इंजिन सुरू करण्याआधी कुलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. ही तपासणी मिनिटभराची आहे आणि मी ती आजही आठवड्यातून एकदा करतो.

काढलेला जुना सेन्सर मी टाकला नव्हता. परवा गरम पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसोबत बुडवून, पाणी निवत जाताना मल्टीमीटर लावून बसलो. रेझिस्टन्स सावकाश चढत गेला, कुठेही उडी नाही. तो सेन्सर पूर्ण चांगला होता.