कात्रजचे प्राणिसंग्रहालय: फॅन फिक्शनमधल्या प्राण्यांना नावे शोधणाऱ्यांसाठी

फॅन फिक्शन, म्हणजे आपल्या आवडत्या कथेच्या विश्वावर चाहत्याने रचलेली नवी कथा, लिहिताना स्वतःचा एखादा नवा प्राणी त्यात आणायचा असेल, तर नावांच्या तयार याद्या चाळत बसण्यापेक्षा कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात एक सकाळ घालवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे १९८६ मध्ये सर्पोद्यान सुरू झाले आणि १९९९ मध्ये पुणे महानगरपालिकेचे प्राणिसंग्रहालय उभे राहिले. सुमारे १३० एकरांच्या या परिसरात प्राणी निवांतपणे न्याहाळता येतात. यादीतून आपल्याला केवळ नाव मिळते. ते नाव ज्याला शोभावे असा देह, त्याची चाल आणि त्याच्या खोडी येथे पाहायला मिळतात.

आपल्याकडची जुनी पद्धतही हीच आहे. पंचतंत्रातील कबुतरांचा राजा चित्रग्रीव हा मानेवरच्या रंगांमुळे, कावळा लघुपतनक हा हलक्या उडण्यामुळे आणि माकड रक्तमुख हे लाल तोंडामुळे ओळखले जाते. ढवळ्या-पवळ्याही रंगावरूनच आले. नाव ऐकताच प्राणी डोळ्यांपुढे उभा राहावा, एवढीच त्यामागची अपेक्षा असते.

अस्वलापुढे मी सर्वांत जास्त वेळ थांबतो. पुढचे पंजे किंचित आत वळवून, मान डोलवत चालणारे हे जनावर पाहिले की ‘वज्रकाय’ किंवा ‘महाबली’ यांसारखी नावे आपोआप गळून पडतात. त्याच्या छातीवर पांढुरकी कमान असते, तिच्यावरून ‘चांदवा’ हे नाव शोभते. वरचे पुढचे दोन दात नसल्यामुळे ते वारुळातली वाळवी मोठा आवाज करत ओढून घेते. या सवयीवरून ‘भुरक्या’ हे नाव मला अधिक आवडते, कारण त्यात रूपाबरोबर स्वभावही येतो. शिवाय मराठीत नावाला विभक्ती सोसवली पाहिजे. भुरक्याने, भुरक्याला, भुरक्याच्या पाठीमागून हे सारे सहज लिहिता येते, तर पाच-सहा अक्षरांचा संस्कृत समास प्रत्येक वाक्यात जड होत जातो.

मूळ कथाविश्वात नावांचे नियम ठरलेले असतील, तर मात्र आपली हौस त्या नियमांच्या आतच भागवावी लागते. रानमांजरांच्या टोळ्यांवरील एका लोकप्रिय इंग्रजी कादंबरीमालिकेत पिल्लाच्या नावाला ‘किट’, शिकाऊ मांजराच्या नावाला ‘पॉ’ आणि टोळीप्रमुखाच्या नावाला ‘स्टार’ असा शेवट येतो. तेथे लेखकाच्या हाती प्रामुख्याने पूर्वार्ध उरतो आणि तो निरीक्षणातूनच सापडतो. अशा लेखकांनी काळविटांचा कळप अवश्य पाहावा. माद्या आणि पाडसे तांबूस असतात, तर नर वयात येताना हळूहळू गडद होत जातो. स्वतःच्या कल्पनेतल्या कळपात पाडसाला ‘तांबू’ म्हणावे आणि तोच मोठा होऊन काळा पडला की त्याला ‘काजळ्या’ हे नाव मिळावे, ही रीत रचलेली वाटत नाही. ती त्या प्राण्याच्या अंगावरच लिहिलेली आहे.

सर्पोद्यानाचा नावांसाठी मला तुलनेने कमी उपयोग वाटतो, कारण साप बहुधा वेटोळे घालून पडलेले असतात आणि खवल्यांच्या नक्षीपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. निशाचर प्राण्यांच्या बाबतीतही हेच होते. शेकरूवर लिहिणाऱ्यांनी भीमाशंकरच्या जंगलात जावे. उंच फांद्यांवरची त्याची झेप तेथेच नीट समजते.

संग्रहालय बुधवारी बंद असते. शक्यतो सुट्टीचा दिवस टाळून सकाळी लवकर पोहोचावे, ऊन चढण्यापूर्वी अस्वल गाठावे आणि सुचलेले प्रत्येक नाव वहीत उतरवण्याआधी त्या प्राण्याकडे पाहत एकदा मोठ्याने उच्चारावे.