सावरीची उशी, नऊ महिन्यांनंतर: झोप चांगली, वजन खोटं

दिवाळीच्या आधी सांगलीत सावरीच्या दोन उश्या भरून घेतल्या. उशीला किलोभर कापूस, 350 रुपये किलो, खोळ आपली. दुकानाचं नाव घेत नाही, अजून तिथं जायचं असतं.

पहिल्याच रात्री कानाखाली काहीतरी टोचलं. चाचपलं तर मिऱ्याएवढं गोल. बाजूला सारलं तरी डोकं टेकलं की परत कानाखाली हजर. सावरीची बी! त्या रात्री झोप उडाली ती टोचण्यानं नाही, आपण बिया 350 रुपये किलोनं घेतल्या या हिशेबानं.

दुकानदार म्हणाला, "काका, झाडाचा माल हाय, बी असतंयच की." पटलं नाही. साध्या कापसात तंतू सरकीलाच धरून असतो, जिनिंगशिवाय सुटत नाही. पांढऱ्या सावरीचं तसं नाही. तंतू बोंडाच्या आतल्या सालीवर येतो, बी त्यात नुसती मोकळी पडलेली असते. काठीनं झोडपलं की खाली बसते. म्हणजे राहिली असेल तर राहू दिलेली.

एप्रिलात वैतागून गच्चीवर खोळ उसवली. चूक! वारा सुटला आणि शेजारच्या काकूंच्या कुरडयांवर म्हाताऱ्या जाऊन बसल्या. मग न्हाणीघराचं दार लावून, तोंडाला रुमाल बांधून दोन्ही उश्या निवडल्या. 140 ग्रॅम बिया निघाल्या, म्हणजे 49 रुपये.

इथवर एकच स्टार देणार होतो. पण बिया काढून, घट्ट विणीच्या खोळीत भरल्यापासून मत बदललंय. यंदाच्या पावसात घरातली कापसाची गादी सर्द झाली, ही उशी कोरडीच. तंतू आतून पोकळ, वरून मेणचट, पाणी धरतच नाही. पूर्वी लाईफ जॅकेटात हाच भरायचे. मधे दबते, रोज सकाळी दोन थापट्या द्याव्या लागतात. धुऊ नका, ऊन दाखवा. पिंजाऱ्याकडं तर नकोच, तंतूचा भुगा होतो. आणि उदबत्ती लांब ठेवा, चटकन पेटतो.

परवा बियांची बरणी घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं हसत हसत काट्यावर ठेवली आणि तेवढाच कापूस बांधून दिला.

घरी येऊन सोडला. सहा बिया.