लिनक्सवरील डिस्कलेखन: व्हीएमस्टॅट की ईबीपीएफ?

सर्व्हरवरील डिस्कलेखन अचानक वाढले की व्हीएमस्टॅट (यंत्रणेची एकूण आकडेवारी दाखवणारी आज्ञा) आणि ईबीपीएफ (कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, छोटे निरीक्षक प्रोग्राम चालवण्याचे तंत्र) यांपैकी कोणते साधन वापरावे, असा प्रश्न अनेक प्रशासकांना पडतो. व्हीएमस्टॅट कर्नलने आधीच ठेवलेली मोजणी वाचते, त्यामुळे त्याचा भार नगण्य असतो. मात्र ते केवळ एकूण आकडा दाखवते. ईबीपीएफ प्रत्येक विनंती टिपू शकते, पण त्याला रूट (प्रशासकाचे सर्वोच्च) अधिकार, तुलनेने नवे कर्नल आणि अभ्यास लागतो.

येथे एक बाब माझ्या मते निर्णायक आहे: बहुतेक लेखन आधी पेज कॅशमध्ये (मेमरीतील तात्पुरत्या साठ्यात) थांबते आणि कर्नलचे थ्रेड ते नंतर डिस्कवर उतरवतात, म्हणून ब्लॉक स्तरावर (जिथून विनंत्या डिस्ककडे जातात) टिपल्यास मूळ प्रोग्रामऐवजी अनेकदा केवर्करचेच (कर्नलच्या अशा थ्रेडचेच) नाव दिसते आणि खरा उगम व्हीएफएस स्तरावर (जिथे कर्नल प्रोग्रामच्या फाइल-विनंत्या स्वीकारते) शोधावा लागतो.

सततच्या देखरेखीसाठी व्हीएमस्टॅट घ्यावे. लिहिणारी प्रक्रिया नेमकी ओळखायची असेल, तर ईबीपीएफ.