कॅटामरानचं ट्रॅम्पोलिन, एका उन्हाळ्यानंतर: जाळी दमदार, सोबतची दोरी भिकार

१६ फुटी बीच कॅटामरानला, म्हणजे दोन बुडांच्या छोट्या शिडाच्या होडीला, बसणारं तयार ट्रॅम्पोलिन, म्हणजे दोन बुडांच्या मधली बसायची जाळी. पीव्हीसी लेपाच्या पॉलिएस्टर जाळीचे दोन पट्टे, बाहेरची किनार बाजूच्या ॲल्युमिनियम रेलच्या खाचेत सरकवायची, मधोमध आणि मागच्या आडव्या नळीला दोरीने ओढून बांधायचं. बाकी माहिती विकणाऱ्याने दिलेलीच आहे. पावसाळा, हिवाळा धरणाच्या पाण्यात आणि उन्हाळा काठावर काढल्यावर जाळीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती किटमधल्या ३ मिमीच्या पांढऱ्या दोरीबद्दल. जाळीला हजारो रुपये घ्यायचे आणि जिच्यावर सगळा भार पडतो ती दोरी शेदीडशे रुपये वाचवण्यासाठी हलकी घालायची, याला काय म्हणावं? दोरी वॉरंटीत येत नाही, हे ती तुटल्यावर फोनवर कळतं.

समुद्रावरचे लोक मिठाची धास्ती घालतात. आपल्याकडे मीठ नाही, ऊन आहे. मार्चपासून जायकवाडीचा नाथसागर काय, माजलगावचं धरण काय, पाणी काठापासून लांब सरकतं आणि होडी कोरड्या गाळावर ४२ अंशांत पडून राहते. तेवढ्या उन्हात पॉलिप्रॉपिलीनचा धागा ठिसूळ होतो, दोरीवर बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला लागते. भुकटी दिसली की ती दोरी ओढून बघत बसू नका, कापून टाका.

कुठली दोरी आहे हे दुकानदाराला विचारण्यात अर्थ नाही, तो सगळ्यालाच नायलॉन म्हणतो. तुकडा बादलीत बुडवून पिळा. तरंगला तर बहुधा पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. नायलॉन भिजलं की लांबतं, म्हणजे सकाळी ताठ बांधलेली जाळी पाण्यात गेल्यावर झोळ देते. पॉलिएस्टर भिजून फारसं बदलत नाही आणि ऊनही जास्त सोसतं.

डायनिमाच (अतिमजबूत पॉलिथीन धाग्याची दोरी) घ्या, असं माझं मत होतं. ताकद प्रचंड आहे, ओढल्यावर जवळजवळ लांबत नाही, यात वाद नाही. पण ती गुळगुळीत असते, साधी निरगाठ तिच्यात हळूहळू सरकते. शिवाय मुंबईहून मागवावी लागते. या मापाच्या होडीला ४ मिमीचं विणीव पॉलिएस्टर पुरतं, आणि पैसेही वाचतात. मोठ्या होडीवाल्यांनी डायनिमाच वापरावी.

आता बांधणी. किटसोबतच्या कागदात एकच लांब दोरी जाळीच्या कडेच्या सगळ्या डोळ्यांतून (पितळी कड्यांच्या भोकांतून) नेऊन शेवटी ओढायला सांगितलंय. तसं करू नका. प्रत्येक डोळ्यात दोरी घासते, त्यामुळे टोकाला लावलेला जोर मधल्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. आणि एका जागी दोरी कापली की पूर्ण बाजू सैल पडून माणूस थेट पाण्यात. पट्टे रेलमध्ये सरकवून झाले की आधी कोपरे स्वतंत्र दोरीने तीनचार वेढे घालून बांधा, पण अर्ध्याच ताणावर. मग प्रत्येक बाजूचा मध्य. त्यानंतर पाचसहा डोळ्यांमागे एक वेगळी दोरी, एकदा मागच्या नळीला, एकदा मधल्या जोडावर, आलटून पालटून. बाजेची अदवण ओढतात तसंच: एक वेढा ओढायचा, तो अंगठ्याने किंवा डोळ्यात खोचलेल्या पेचकसाने धरायचा, मग पुढचा ओढायचा. पहिल्या फेरीत ताठ होत नाही. दोन दिवसांनी आणि पहिल्यांदा पाण्यात नेऊन आणल्यावर पुन्हा ओढावं लागतं. म्हणून शेपूट हातभर राखा, आणि पक्कं झाल्यावर १० सेंटीमीटर सोडून कापा, टोक मेणबत्तीवर वितळवा.

दोरी आणताना तुकडे, गाठी आणि ओढायची शेपटं धरून लांबी जास्तच घ्या.

नळी आणि जाळीच्या कडेत ५ ते ७ सेंटीमीटर मोकळी जागा हवी. जाळी नंतर ताणते. कड आधीच नळीला टेकली असेल तर पुढे ओढायला जागाच उरत नाही. फार मोठी फट ठेवली तर पाय अडकतो. उलट वेड्यासारखं ओढलं की ॲल्युमिनियमची बाजूची रेल आत वाकते.

पितळी डोळ्यांत कापसाचा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे धार आहे, दोरी तिथेच कापणार. बारीक पॉलिश पेपर गुंडाळून घासलं की काम होतं. डोळा नुसत्या जाळीत ठोकलेला असेल तर तो उपटतोच. तो दुहेरी पट्ट्यात, किनारीच्या दोरीच्या आत हवा. या कंपनीने हे बरोबर केलंय, श्रेय द्यायला हवं.

शेडनेटची जाळी बसवून भागेल का, असं बरेच जण विचारतात. नाही. ती सावलीसाठी विणलेली असते, टाचेच्या जोराने उसवते. पण होडीवर झाकायला ९० टक्क्यांचं शेडनेट उत्तम आणि स्वस्त.

काळ्या मातीचा गाळ रेलच्या खाचेत वाळून बसतो आणि किनार सरकताना ती घासून काढतो. आधी पाण्याने खाच धुवा, मग मेणबत्ती फिरवा. ग्रीस नको, धूळ धरतं. जाळीच्या आधी शिवण जाते, तीही उन्हाने. ताडपत्री शिवणाऱ्याकडे जाड पॉलिएस्टर धाग्याने दुसरी टीप मारून घ्या. सुती धागा लावू देऊ नका.

पाच पैकी साडेतीन. जाळीसाठी घ्या, दोरी पिशवीतून काढून टाका. पाणी उतरलं की जाळी सोडवून घरात आणणं सगळ्यात बरं. कोठीत ठेवणार असाल तर तारेला उंच टांगा, नाहीतर उंदीर शिवणीपासून सुरुवात करतात.