मुंबई विमानतळावरची लाउंज: दोन रुपयांच्या स्वाइपचा हिशेब

मुंबईच्या टी-२, म्हणजे टर्मिनल दोनवरची लाउंज (विमानाची वाट बघत बसण्या-खाण्याची दालनं) चांगली आहेत का, असं कुणी विचारलं तर आधी विमान किती वाजताचं आहे ते विचारावं लागतं. दुपारी दीडला शिरलात तर खिडकीजवळची खुर्ची, चालू असलेला चार्जिंग पॉइंट आणि गरम जेवण, तिन्ही मिळतं. त्याच लाउंजमध्ये पहाटे सहाला गेलात तर दाराबाहेर रांग, आत ट्रॉली बॅगांमधून वाट काढत रिकामी खुर्ची शोधणं आणि पोह्यांपाशी पुन्हा रांग. जुलै २०२१मध्ये विमानतळाचा कारभार जीव्हीकेकडून अदानी समूहाकडे गेला. मग पाट्या बदलल्या, जीव्हीके लाउंजचं अदानी लाउंज झालं, आतल्या सजावटीवरही हात फिरला. पण गर्दी सजावटीने हटत नाही. ती क्रेडिट-डेबिट कार्डांवरच्या फुकट प्रवेशाने आणलेली आहे आणि कार्डं आहेत तोवर राहणार.

देशांतर्गत बाजूला गर्दीला भरती येण्याच्या दोन वेळा आहेत: पहाटे साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते साडेनऊ. सकाळी दिल्ली किंवा बंगळुरू गाठून रात्री घरी परतणारा नोकरदार वर्ग याच वेळेत असतो आणि लाउंजची कार्डंही जास्त करून त्याच्याच खिशात असतात. त्यात मुंबईची खास अडचण धावपट्टीची. इथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सकाळच्या वेळापत्रकात कुठेतरी अर्ध्या तासाचा खड्डा पडला की तो दिवसभर पुढे सरकत राहतो. उशीर झाला की लाउंजमध्ये आधीच बसलेली माणसं उठत नाहीत आणि नवीन येतच राहतात. जुलैमध्ये पावसाने दिसेनासं झालं की हे हमखास घडतं. बाहेर धो-धो पाऊस असेल आणि फलकावर ‘विलंब’ची ओळ लागली असेल तर लाउंजच्या आशेवर पोट रिकामं ठेवू नका.

टी-२ची रचना इथे कळीची आहे. हे टर्मिनल १२ फेब्रुवारी २०१४पासून वापरात आलं. सहारचं जुनं आंतरराष्ट्रीय टर्मिनल चालू ठेवून त्याच जागेवर टप्प्याटप्प्याने नवं उभं करायचं होतं, म्हणून वास्तुविशारदांनी इंग्रजी एक्स अक्षरासारखा आराखडा केला. चेक-इन, सुरक्षा, दुकानं मध्यभागी आणि गेटं लांब हातांवर. लाउंज सुरक्षा तपासणीच्या जवळपास आहेत, तुमचं गेट मात्र हाताच्या टोकाला असू शकतं. दहा-बारा मिनिटांची चाल धरावी, सोबत म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर वीस. बसने विमानापर्यंत नेणारं गेट असेल तर खाली उतरून पुन्हा रांग. मुंबई हा ‘सायलेंट’ विमानतळ आहे, प्रत्येक विमानाच्या बोर्डिंगची घोषणा होत नाही. लाउंजच्या मऊ खुर्चीत डोळा लागला तर उठवायला कुणी येत नाही. गेट बदललं तरी ते फलकावर आणि विमान कंपनीच्या मेसेजमध्येच कळतं.

आता सकाळी आठच्या विमानाचा हिशेब मांडून बघा. गेट २५ मिनिटं आधी, म्हणजे ७.३५ला बंद होतं असं धरायचं. बोर्डिंग सव्वासातच्या सुमाराला सुरू. चालायला वेळ ठेवून लाउंजमधून ७.१०ला उठणं शहाणपणाचं. सुरक्षा तपासणी ६.१५ला उरकली आणि दारात वीस मिनिटं गेली, तर आत बसायला मिळाली ३५ मिनिटं. त्यातली दहा खुर्ची शोधण्यात जातात. इतक्या वेळात एक प्लेट पोहे आणि एक चहा होतो, तोही घाईघाईने. म्हणून देशांतर्गत प्रवासात, भरतीच्या वेळी, सुरक्षा तपासणीनंतर हातात दीड तास नसेल तर लाउंज सोडून सरळ गेटकडे चालावं, हे आमचं मत. वाटेत खाण्याची दुकानं आहेत. महाग आहेत, पण रांग छोटी. डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणारं ॲप, वापरलंत तर प्रवेशद्वारावरचा आणि सुरक्षेत शिरतानाचा वेळ वाचतो. ट्रे, बेल्ट आणि लॅपटॉप बाहेर काढण्याची कवायत मात्र सगळ्यांना सारखीच.

दारातल्या काउंटरवर काय होतं ते नीट समजून घेतलेलं बरं, कारण अर्धी भांडणं तिथेच होतात. कर्मचारी बोर्डिंग पास स्कॅन करतो, कार्ड मशीनमध्ये घालतो, तुम्ही पिन टाकता आणि मोबाइलवर दोन रुपये कापल्याचा मेसेज येतो. काही कार्डांना पंचवीस रुपये लागतात. ही प्रवेशाची किंमत नव्हे, कार्ड चालू आहे आणि भेट शिल्लक आहे याची ती खातरजमा. खरे पैसे बँक किंवा कार्डाचं नेटवर्क मागाहून लाउंजला देतं. म्हणूनच बँकांनी अटी आवळल्या. एचडीएफसीच्या रेगालिया कार्डाला १ डिसेंबर २०२३पासून तिमाहीत एक लाख रुपये खर्चाची अट लागली. आयसीआयसीआयने बऱ्याच कार्डांवर आधी ३५ हजारांची अट घातली होती, नोव्हेंबर २०२४मध्ये ती ७५ हजारांवर नेली. यातली गोम अशी की खर्च आधीच्या तिमाहीतला बघायचा की चालू, हे कार्डागणिक बदलतं. एप्रिल ते जूनमध्ये लाउंज हवं असेल आणि अट आधीच्या तिमाहीची असेल, तर जानेवारी ते मार्चचा खर्च मोजला जातो. जूनमध्ये फ्रिज घेऊन मे महिन्यातलं लाउंज मिळत नाही.

स्वाइप नाकारली जाण्याची कारणं ठरलेली आहेत. तिमाहीचा कोटा संपलेला असतो. रुपे प्लॅटिनमवर तिमाहीला देशांतर्गत एकच भेट मिळते आणि जाताना वापरली की येताना उरत नाही. कार्ड नवीन असतं आणि एकदाही दुकानात वापरलेलं नसतं. बँकेच्या ॲपमध्ये दुकानातल्या मशीनवरचे व्यवहार बंद ठेवलेले असतात. हे तर रांगेतच दुरुस्त करता येतं, पण तिथे उभं राहून सुचत नाही. यूपीआयला जोडलेलं आभासी रुपे कार्ड दाखवलं जातं, मशीनला मात्र प्लास्टिकचं कार्ड लागतं. काही बँकांनी स्वाइपच बंद करून आधी लिंकवरून व्हाउचर काढायला लावलं आहे. तो क्यूआर कोड घरीच काढून त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा, काउंटरपाशी ओटीपीची वाट बघत मागच्यांचे कटाक्ष झेलण्यापेक्षा ते बरं.

दलालीच्या साखळीतही उलथापालथ झाली. बँक आणि लाउंज यांच्यामधला मोठा दुवा होता ड्रीमफोक्स. या कंपनीने १६ सप्टेंबर २०२५पासून देशांतर्गत लाउंजची सेवा थांबवली आणि बँकांना दुसरे मार्ग शोधावे लागले. त्यामुळे ‘मागच्या वर्षी हेच कार्ड चाललं होतं’ हा युक्तिवाद काउंटरवर निरुपयोगी आहे. प्रवासाच्या आठवड्यात बँकेच्या संकेतस्थळावरची यादी उघडा आणि त्यात नुसतं ‘मुंबई’ नव्हे, तर टर्मिनल आणि देशांतर्गत की आंतरराष्ट्रीय हेही वाचा.

सगळ्यात महागात पडतो तो प्रायॉरिटी पास, म्हणजे जगभरातल्या लाउंजमध्ये चालणारं वेगळं सदस्यत्वाचं कार्ड. भारतीय बँकांनी दिलेल्या बऱ्याच प्रायॉरिटी पासवर फुकट भेटी फक्त परदेशातल्या लाउंजसाठी असतात. तो मुंबईत दाखवला तर दार आनंदाने उघडतं आणि पुढच्या महिन्याच्या बिलात डॉलरमधला आकडा, वर १८ टक्के जीएसटी येतो. सोबतचा पाहुणाही तसाच मोजला जातो. देशात कार्ड, देशाबाहेर पास, एवढं लक्षात ठेवा.

खाण्याबद्दल. देशांतर्गत बाजूला सकाळी पोहे, उपमा, इडली-सांबार, ब्रेड, कापलेली फळं आणि मशीनची कॉफी. दुपारी भात, डाळ, पनीरची एक भाजी, एखादा चिकनचा पदार्थ, गोडात गुलाबजाम किंवा हलवा. चव मध्यम, मिठाचं प्रमाण सगळ्यांना चालेल असं बेताचं. गंमत अशी की गर्दीच्या वेळी अन्न जास्त ताजं असतं, कारण भांडं दहा मिनिटांत रिकामं होऊन नवीन येतं. दुपारी तीनला तेच पोहे गरम झाकणाखाली तासभर वाळलेले असतात. कडेचे दाणे कडक, मधले वाफेने गिचगिचीत. अशा वेळी पोह्यांच्या वाटेला न जाता इडली घ्यावी, ती ओलावा धरून राहते, आणि सांबार तळापासून ढवळून घ्यावं. डोसा समोर करून देणारा काउंटर चालू असेल तर रांग लांब असली तरी तीच धरावी. चहा मशीनचा असेल तर तो सोडा, ब्लॅक कॉफी त्यातल्या त्यात बरी निघते. दारू देशांतर्गत भेटीत सहसा धरलेली नसते. वेगळे पैसे पडतात आणि वयाचा नियम महाराष्ट्राचाच: बिअर, वाइन २१ वर्षांपासून, व्हिस्कीसारखी कडक दारू २५पासून.

आंतरराष्ट्रीय बाजू वेगळ्या तोलाची आहे. तिथलं मोठं लाउंज ऐसपैस आहे, बऱ्याच विमान कंपन्या आपले बिझनेस क्लासचे प्रवासी तिथेच पाठवतात, शॉवर आहेत, जेवणही दोन पायऱ्या वरचं. पण इथली भरती मध्यरात्रीची. युरोपात सकाळी उतरायचं म्हणजे मुंबईहून रात्री एक ते चारमध्ये निघावं लागतं, आखाताकडची बरीच विमानंही पहाटेचीच. साडेअकरा ते तीन या वेळात कार्डवाल्यांना थांबवून बिझनेस क्लासवाल्यांना आधी घेतलं जातं आणि त्यात गैर काही नाही. दहा-साडेदहाला आत गेलात तर शॉवरसाठी तिथेच नाव नोंदवा, मग जेवा. उलट क्रम केला तर शॉवरचा नंबर बोर्डिंगच्या वेळी लागतो. कार्डाच्या भेटीला सहसा दोन-तीन तासांची मर्यादा असते, त्यामुळे फार लवकर शिरूनही उपयोग नाही. पहाटे तीनच्या विमानासाठी साडेअकराच्या आत शिरणं बरोबर. इमिग्रेशनच्या रांगेचं भय असेल तर भारतीय पासपोर्टधारकांसाठी जलद इमिग्रेशनची सोय मुंबईत जानेवारी २०२५पासून आहे. आधी ऑनलाइन अर्ज आणि बोटांचे ठसे, मग स्वयंचलित गेट. वर्षातून दोनदा तरी परदेशी जाणाऱ्याने ते करून टाकावं, लाउंजपेक्षा जास्त वेळ तिथेच वाचतो.

आठ-दहा तासांचा थांबा असेल तर लाउंज हे उत्तरच नव्हे. टी-२मध्येच निरंता नावाचं ट्रान्झिट हॉटेल आहे, तिथे तासांच्या हिशेबाने खोली मिळते. आडवं व्हायला मिळणं आणि खुर्चीत मान वाकडी करणं यातल्या फरकाला पैसे मोजावेत. आणि रिकामा वेळ असेल, पण लाउंजची रांग नको असेल, तर टी-२च्या भिंतींवरचा ‘जय हे’ कलासंग्रह बघा. राजीव सेठींच्या देखरेखीखाली मांडलेल्या हजारो वस्तू आहेत, तिकीट नाही, आणि बहुतेक लोक फोनमध्ये मान घालून त्यांच्यासमोरून निघून जातात.

टी-१, म्हणजे पार्ले-सांताक्रूझ बाजूचं जुनं देशांतर्गत टर्मिनल, वेगळी गोष्ट. ते छोटं आहे, चाल कमी आहे, त्यामुळे लाउंज साधं असलं तरी वेळेचा हिशेब सोपा. ते पाडून नव्याने बांधायची योजना जाहीर झालेली आहे, तेव्हा तिथे मोठ्या सुधारणांची अपेक्षा ठेवू नये. इंडिगोची विमानं दोन्ही टर्मिनलांवरून सुटतात. तिकिटावरचं टर्मिनल चेक-इन करताना पुन्हा वाचा. मेट्रो-३वर दोन टर्मिनलांची दोन वेगळी स्टेशनं आहेत आणि मध्ये सहार रोडचं तिसरं. चुकीच्या स्टेशनावर उतरलात तर लाउंज सोडाच, बॅग देण्याच्या वेळेची मारामार होते, कारण काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतं.

त्यात आता नवी मुंबईची भर. उलव्याच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं, प्रवासी विमानं २५ डिसेंबर २०२५पासून सुटू लागली. पहिल्या टप्प्यात एक धावपट्टी, एक टर्मिनल आणि वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता. तिकिटावर मुंबईचा कोड बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय असतो. शोधयंत्र दोन्ही ‘मुंबई’ म्हणूनच दाखवतं आणि स्वस्त तिकीट बघून लोक बुक करून मोकळे होतात. दक्षिण मुंबईहून अटल सेतूने जाणं सोयीचं, टोल धरून. बोरिवली किंवा वसईहून जाणाऱ्याने वाहतुकीचा वेळ आणि टॅक्सीचं भाडं मांडून मगच स्वस्त काय ते ठरवावं. लाउंजपुरतं सांगायचं तर सहारला चालणारं कार्ड उलव्याला चालेल हे गृहीत धरू नका. कार्डाच्या यादीत प्रत्येक विमानतळाचं, प्रत्येक टर्मिनलचं नाव वेगळं असतं. उलव्याचं नाव तुमच्या यादीत आलेलं नसेल तर डबा घरूनच भरून न्या. सुरक्षा तपासणीत पोळी-भाजी अडवत नाहीत, लोणच्याची बरणी मात्र चेक-इनच्या बॅगेत टाका.