प्रॉक्सी प्रॉपर्टी की आयएक्सएमएलसिरियलायझेबल?

डॉटनेटचा एक्सएमएलसिरियलायझर, म्हणजे ऑब्जेक्टचं एक्सएमएल करणारा आणि ते परत वाचणारा क्लास, बहुतेक क्लास नुसत्या ॲट्रिब्यूट्सवर (कोडमध्ये चौकटी कंसात लावलेल्या सूचनांवर) निभावून नेतो. घोडं अडतं ते समोरच्या सिस्टिमला तारीख ३१/०३/२०२४ अशीच आणि ट्रू-फॉल्सऐवजी वाय-एन हवं असतं तेव्हा. जेसनच्या लायब्रऱ्यांसारखा कन्व्हर्टर, म्हणजे एखाद्या टाइपचं रूपांतर ठरवणारा वेगळा क्लास, इथे लावता येत नाही.

एक उपाय प्रॉक्सी प्रॉपर्टीचा. खऱ्या तारखेवर एक्सएमएलइग्नोर लावून ती एक्सएमएलमधून वगळायची, शेजारी एक स्ट्रिंग प्रॉपर्टी ठेवायची आणि एक्सएमएलएलिमेंटने तिला हवं ते नाव द्यायचं. ती पब्लिकच लागते, गेट-सेट दोन्हींसह. त्यामुळे क्लास जरा गबाळा दिसतो, हे खरं. गेटरने नल दिला की एलिमेंट गळतो. तारीख स्ट्रिंगमध्ये बदलताना इनव्हेरिअंटकल्चर (कुठल्याच देशाला न बांधलेलं कल्चर) द्यायला मात्र विसरू नका: फॉरमॅटमधली तिरपी रेघ म्हणजे चालू कल्चरचं तारखेचं चिन्ह, सर्व्हरचं कल्चर बदललं की तिथे टिंब किंवा डॅश येऊ शकतो. वाचताना पार्सएक्झॅक्ट, म्हणजे नेमका तोच फॉरमॅट मागणारं. आणि ही प्रॉपर्टी कोणी थेट वापरू नये म्हणून तिच्यावर ऑब्सोलीट (‘हे वापरू नका’ असा इशारा देणारं ॲट्रिब्यूट) लावलंत, तर डॉटनेट १० च्या आधीचा सिरियलायझर तिला मुकाट्याने वगळतो!

दुसरा उपाय आयएक्सएमएलसिरियलायझेबल हा इंटरफेस: क्लासचं एक्सएमएल लिहिणं-वाचणं त्याच्या तीन मेथड्समधून आपणच करायचं. गेटस्कीमातून नल द्या, विषय संपला. राइटएक्सएमएलही सोपं: बाहेरचा टॅग सिरियलायझर लिहितो, आपण फक्त आतला मजकूर. कटकट सगळी रीडएक्सएमएलमध्ये. तिथे बाहेरचा टॅग उघडणं-बंद करणं दोन्ही आपल्याकडे. इजएम्प्टीएलिमेंट आधी तपासलं नाही, तर रिकाम्या टॅगवर रीडएंडएलिमेंट भलत्याच नोडवर जाऊन आदळतं. त्याहून वाईट म्हणजे व्हाइल-रीडचा लूप, म्हणजे रीडने एकेक नोड पुढे जात वाचणं. एलिमेंटचा मजकूर देणारं रीडएलिमेंटकंटेंटॲजस्ट्रिंग स्वतःच पुढच्या नोडवर सरकतं, त्यावर लूपचं रीड आणखी एक पाऊल टाकतं. एक्सएमएलरीडर.क्रिएटच्या डिफॉल्ट सेटिंगमध्ये इंडेंट केलेली फाइल बरोबर वाचली जाते, कारण ते जादा पाऊल मधल्या मोकळ्या जागेवर खर्ची पडतं. तोच डेटा एका ओळीत आला, की एकाआड एक एलिमेंट गायब. एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये काही नाही. टेस्टच्या फायली बहुधा इंडेंट केलेल्याच असतात, त्यामुळे हे प्रॉडक्शनपर्यंत बिनबोभाट जातं. या एका गोष्टीपायी माझा कल प्रॉक्सीकडे आहे.

शिवाय क्लासने इंटरफेस घेतला की सदस्यांवर लावलेली एक्सएमएलएलिमेंटसारखी ॲट्रिब्यूट्स निकामी होतात. एका तारखेपायी उरलेली सगळी फील्ड्स हाताने लिहा-वाचायची.

डिक्शनरी असेल किंवा टॅगांची नावंच डेटातून ठरत असतील, तर इंटरफेस घेणं रास्त म्हणता येईल. पण तेव्हाही तो मोठ्या क्लासवर नको, तेवढ्या भागासाठी छोटा वेगळा टाइप करून त्यावर घ्या. असा टाइप टॅगच्या आतलं एक्सएमएल ॲट्रिब्यूट (नाव="किंमत") म्हणून मात्र लिहिता येत नाही, एलिमेंटच करावा लागतो.

क्लासचा सोर्स हातात नसेल तर ॲट्रिब्यूट्स बाहेरून देणारं एक्सएमएलॲट्रिब्यूटओव्हरराइड्स आहेच. त्याचा सिरियलायझर एकदाच बनवून स्टॅटिक फील्डमध्ये ठेवा. ओव्हरराइड्स घेणारा सिरियलायझरचा कन्स्ट्रक्टर काहीच कॅश करत नाही, दर वेळी नवी असेंब्ली (कंपाइल केलेला कोड) तयार होते आणि मेमरी चढत जाते.